झाकणावरचा ठिपका

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. सर सोडले तर वयानं तीच मोठी, नोकरी मात्र वर्षावर्षाच्या कराराची. आई फोनवर दर वेळी विचारायची, "कायम झालीस का गं?" कायम कोण असतं आई, असं म्हणून ताई विषय बदलायची.

यंदा करार वाढायला दोन गोष्टी हव्या होत्या. ती डोळ्यांत तेल घालून वाढवत असलेल्या पेशींवरचा प्रयोग पुरा व्हायला हवा होता आणि नवोदित संशोधकांच्या विकासासाठी विद्यापीठानं भरवलेल्या कार्यशाळेला हजेरी लागायला हवी होती. पेशी एका मुलाच्या त्वचेतल्या. त्याचा आजार फारच दुर्मीळ होता आणि ते मूल आता राहिलं नव्हतं. गोठवलेला साठा फ्रीजर बंद पडला तेव्हाच वाया गेला. उरल्या त्या काचेच्या बशांत वाढणाऱ्या एवढ्याच, म्हणून ताई त्या बशांना कोणाला हात लावू देत नसे.

आणि कार्यशाळेचा विषय काय, तर काम सोपवायला शिका! प्रशिक्षकांचा निरोप आदल्या दिवशीच आला होता. आपलं सर्वांत जिव्हाळ्याचं काम एका दिवसापुरतं दुसऱ्याकडे देऊन या. ताईनं पुष्कळ आढेवेढे घेतले. पण हजेरी हवी होती, करणार काय? शेवटी तिनं नव्या विद्यार्थिनीला पेशींचं खाणं बदलायला सांगितलं. ही मुलगी इतकं हळू बोलायची की सगळे तिला चिमणी म्हणत. खाणं म्हणजे बाटलीतलं गुलाबी पाणी. फ्रीजमध्ये झाकणावर ठिपका असलेली बाटली आहे, तीच घे, एवढं सांगून ताई निघाली.

सभागृहाच्या दारातच टोपली ठेवली होती. फोन बंद करून तिच्यात टाकायचे. प्रशिक्षक दिवसभर गोड आवाजात विश्वासावर बोलले, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून झाल्या. दुपारनंतर ताईला खरोखरच हलकं वाटायला लागलं. इतकी वर्षं सगळं उगीच एकटीनं उरावर घेतलं, असं तिनं चारचौघांत बोलूनही दाखवलं आणि टाळ्या मिळवल्या.

संध्याकाळी फोन सुरू केला, तर चिमणीचे कॉलच कॉल. ताई तशीच प्रयोगशाळेकडे धावली.

चिमणी प्रयोगशाळेत स्टुलावर बसून होती. फ्रीजमध्ये ठिपक्याच्या दोन बाटल्या निघाल्या होत्या. एकीत खाणं. दुसरीत पेशी मारायचं औषध मिसळलेलं, रंग तोच. ती उघडली आहे हे लक्षात राहावं म्हणून ताईनंच गेल्या आठवड्यात तिच्यावर ठिपका दिला होता आणि विसरून गेली होती. सर परगावी, ताईचा फोन बंद. पेशी उपाशी राहतील या धास्तीनं चिमणीनं फ्रीजमध्ये पुढे होती ती बाटली उचलली.

ताईनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पेशी मरून, बशीपासून सुटून तरंगत होत्या. तिला त्या मुलाची आई आठवली. तुकडा घ्या, पण कोणाच्या तरी उपयोगी पडू द्या, एवढंच ती म्हणाली होती. ताईला रडूही येईना. चिमणीवर ओरडायला तिनं तोंड उघडलं खरं, पण ओरडणार कशावरून? दोन्ही ठिपके तिच्याच हातचे होते.

"ताई, मी उद्यापासून येऊ की नको?" चिमणीनं विचारलं.

ताईनं फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या आणि चिमणीच्या हातात पेन दिलं.

"ये. आधी हे ठिपके पूस. आत काय आहे, कशासाठी आहे, कधी उघडलं, सगळं बाटलीवर लिही."

"तुम्ही सांगाल तसं लक्षात ठेवीन, ताई."

"लक्षात नाही ठेवायचं. मी इथे नसले तरी वाचता आलं पाहिजे."

चिमणीचा हात थांबला. नसले म्हणजे, असं विचारायला तिनं वर पाहिलं, तेव्हा ताईनं पुढची बाटली तिच्याकडे सरकवली होती.