युनिफॉर्मिझम

चूक माझी होती. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे पोरीवर कुणी घसरायला नको.

मी ठाण्यात खोपटला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. वाढदिवस, उद्घाटन, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. लोक मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतात, मी तो बसवतो, शुद्धलेखन सुधारतो. दहावी नापास माणूस पुढाऱ्यांचं शुद्धलेखन सुधारतो, यातून काय समजायचं ते समजा. मराठीत माझी वेलांटी चुकत नाही. इंग्रजीत मात्र समोरचं अक्षर बघून तसंच्या तसं उतरवतो, एवढंच.

रचना नववीला. शाळा ठाण्यात, सेमी इंग्लिश, नावाजलेली. आम्ही राहतो दिव्याला. तिच्या इंग्रजीत फिगर्स ऑफ स्पीच असतात, म्हणजे भाषेचे अलंकार. सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, अशी बारा-पंधरा नावं. पेपरात एक ओळ देतात. अलंकाराचं नाव लिहिलं की एक मार्क, अर्थ लिहिला की एक मार्क. पोरीची नावं पाठ होईनात. म्हणून मी तिच्या वहीवरून एक तक्ता बनवला, रोलच्या उरलेल्या तुकड्यावर छापला आणि घरी पिंपाच्या वर भिंतीला ठोकला. पाण्याची वाट बघताना वाचायचं. आमच्याकडे तो वेळ भरपूर मिळतो.

वहीचं एक पान भिजलेलं. एका नावाची शाई पसरलेली. पहिलं अक्षर गेलेलं, त्यामागचा यू दिसत होता, शेवटचं मिझम दिसत होतं, मधलं गेलेलं. मी अंदाजाने भरलं. युनिफॉर्मिझम. गिऱ्हाईकाचा मजकूर असता तर फोन करून विचारलं असतं. स्वतःच्या पोरीला विचारलं नाही.

अर्थ बरोबर छापलेला, कारण तो मराठीत होता. कडू गोष्ट गोड शब्दांत सांगणे.

“पप्पा, म्हणजे खोट्याला युनिफॉर्म घातला की युनिफॉर्मिझम, असंच ना?” हंडा धरून उभ्या उभ्या रचनाने विचारलेलं.

“असेल.”

“पण मॅडम वेगळंच काहीतरी म्हणतात. युफे की काय.”

“अगं, त्या फास्ट बोलतात. इथे छापलंय ना समोर?”

छापलंय! आयुष्यभर लोकांचं वाट्टेल ते छापणारा मी, आणि पोरीला सांगतो, छापलंय म्हणजे बरोबर.

“उदाहरण मला सुचलंय,” ती म्हणाली. “तुमच्या श्रद्धांजलीत असतं ते. अल्पशा आजाराने. पप्पा, आजार नेहमी अल्पसाच कसा हो? माणूस तर मेलाय.”

“भरपूर आजाराने लिहिलं तर फ्लेक्सवर मावेल का?” सरोज, माझी बायको, शेगडीपाशी भाकरी थापत म्हणाली. तिघंही हसलो. त्या दिवशी पाणी आलं नाही, ते हसून विसरलो.

वार्षिक परीक्षेत रचना इंग्रजीत गेली. जूनमध्ये फेरपरीक्षा झाली, त्यात दोन मार्कांनी गेली. बाकी सगळे विषय पास. शाळेने बोलावलं.

“जे सांगतील ते ऐकून घ्या,” सरोजने निघताना बजावलं. “तोंड चालवू नका. पोरीचं वर्ष वाचलं पाहिजे.”

शाळेच्या गेटवर भला मोठा फ्लेक्स. ‘दहावीच्या शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा, सलग सात वर्षे.’ मीच बसवलेला. उज्ज्वल हा शब्द दहातले नऊ जण चुकीचा लिहितात. मी दोन ज घातलेले.

प्रमोदिनी मॅडम इंग्रजी शिकवतात आणि पर्यवेक्षिकाही आहेत. अठ्ठावीस वर्षांची नोकरी. बोलणं स्वच्छ, आवाज कधी चढत नाही. अशा आवाजाची मला भीती वाटते. शिवी देणारा माणूस परवडतो, त्याचं काय चाललंय ते कळतं.

“या पगारे, बसा. रचना, तूही बस बाळ.” त्यांनी आमच्यासमोर पाण्याचे ग्लास ठेवले. “मुलगी गुणी आहे. प्रश्न तिच्या हिताचा आहे. आपण असं करू, तिला नववी उत्तीर्ण करू. तुम्ही तिचा दाखला न्या आणि दहावीला बाहेरून बसवा. सतरा नंबरचा फॉर्म भरला की झालं. वर्षही वाया जाणार नाही.”

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाची परीक्षा द्यायचा फॉर्म. अशी पोरं शाळेच्या निकालात मोजली जात नाहीत. सात वर्षांचे शंभर टक्के कसे भरले, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. जी पोरं नापास होतील असं वाटतं त्यांना आधीच गेटबाहेर काढायचं. मग राहिली ती सगळी पास. आणि त्याला उज्ज्वल मी म्हणायचं, दोन ज घालून.

बाहेरून बसवा. माझा आजा धोंडिबा गावच्या शाळेच्या बाहेर बसायचा, पायरीखाली, उन्हात. त्याला कुणी हिताचं काही सांगितलं नाही. आत येऊ नको, एवढंच सांगितलं. हलकटपणाच होता. पण ज्याचा राग धरायचा तो शब्द तरी त्याला तोंडावर मिळाला. मला मिळाला पाण्याचा ग्लास.

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. पालकाचा अर्ज. टाईप केलेला, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट. ‘कु.’च्या पुढची जागा रिकामी सोडलेली, त्यात रचनाचं नाव पेनने लिहिलेलं. म्हणजे ही पहिली नव्हती.

आणि तरीही मी पेन काढलं. खोटं कशाला सांगू? सरोजचं वाक्य डोक्यात होतं. मी टोपण काढेपर्यंत रचनाने कागद स्वतःकडे ओढला आणि मोठ्याने वाचायला लागली, वर्गात उभं करून वाचायला लावतात तशी.

“माझी पाल्य कु. रचना हिला घरगुती अडचणींमुळे मी स्वेच्छेने शाळेतून काढून घेत आहे. शाळेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.” ती थांबली. “पप्पा, आपल्याला घरगुती अडचण काय आहे?”

“पाणी,” मी म्हटलं.

कुणी हसलं नाही.

“रचना, मोठी माणसं बोलतायत ना?” मॅडम म्हणाल्या.

“एकच विचारते मॅडम. घरगुती अडचणी, हे युफेमिझम ना? की फिगर वेगळी आहे?”

या वेळी शब्द बरोबर होता; परीक्षेनंतर तिने मॅडमचाच उच्चार धरलेला. मॅडमनी चष्मा काढला.

“युफेमिझमच,” त्यांच्या तोंडातून निघून गेलं. अठ्ठावीस वर्षांची सवय. मग कपाळावर आठी आली आणि त्यांनी कपाटातून फेरपरीक्षेचा पेपर काढला. “आता येतंय तुला. पेपरात काय दिवे लावलेस ते दाखव वडिलांना.”

एका शब्दाभोवती लाल वर्तुळ. युनिफॉर्मिझम. पुढे रचनाने तिच्या इंग्रजीत लिहिलेलं. मी विचारलं, तिने हळू आवाजात मराठीत सांगितलं: वाईट गोष्ट चांगला युनिफॉर्म घालते. उदाहरण, शॉर्ट इलनेस. बाजूला लाल प्रश्नचिन्ह आणि शून्य. दोनपैकी शून्य.



“तो शब्द मी छापला,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

मी तक्त्याचं सांगितलं. भिजलेलं पान, अंदाज, सगळं. “ती विचारत होती मॅडम. मीच म्हटलं, छापलंय ते बरोबर. दोन मार्क माझे कापा.”

“पप्पा, राहू दे,” रचना म्हणाली. “पेपर मी लिहिला.”

“पण अर्थ बरोबर आहे की. अर्थाचा एक मार्क?”

“नाव चुकलं की अर्थ तपासत नाहीत. आणि एकाने काय होणार, कमी दोन पडतात.” मॅडमनी पेपर मिटला. पहिल्यांदाच आवाजातला गोडवा गेला. “खरं सांगू पगारे? पुढच्या वर्षी ही बोर्डाला इंग्रजीत राहिली, तर उत्तर मला द्यावं लागतं. वर सगळे माझ्याकडे बोट दाखवतात.”

अर्ध्या तासातलं हे एक वाक्य सरळ होतं. हेच आधी बोलल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

“आणि सही नाही केली तर?”

“तर नापास. पुन्हा नववी.”

पेन माझ्या हातात उघडंच. एकीकडे वर्ष वाचतं, शाळा जाते. दुसरीकडे शाळा राहते, वर्ष जातं. सतरा नंबरवाल्यांना कोण शिकवतं ते मला ठाऊक आहे. मीही दुसऱ्यांदा बाहेरूनच बसलेलो. कुणी शिकवत नाही. पण पुन्हा नववी म्हणजे लहान पोरींच्या बाकावर, सगळ्यांना माहीत असताना. मी रचनाकडे बघितलं. बापाने ठरवायचं असतं, आणि मला ठरवता येत नव्हतं.

“फेल लिहा, मॅडम,” ती म्हणाली.

“बाळ, वर्ष जाईल तुझं.”

“जाईल. पण मी फेल झालेय, तर फेल लिहा. स्वेच्छेने गेले असं नका लिहू.” आवाज कापत होता, पण थांबली नाही. “नववीला इंग्रजी परत तुमच्याकडेच असतं ना?”

“हो.”

“मग बरंय.”

 मॅडमनी अर्जावरच्या तिच्या नावावर रेघ मारली आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही.

शाळेतून मी तिला सरळ दुकानात नेलं. रस्ताभर ती पुढे, मी मागे. सरोजला काय सांगायचं ते जुळवत होतो आणि जुळत नव्हतं. रचना फ्लेक्सच्या रोलवर बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली.

“काय रे, झालं का पोरीचं काम?” दुकानाचे मालक विश्रामशेठ काउंटरवरून ओरडले.

“जरा प्रॉब्लेम आला शेठ. पुढच्या वर्षी बघू.”

“फेल झाले, काका,” रचना मागून म्हणाली.

 शेठना उगाच काम सुचलं. “महेंद्र, हे डोंबिवलीचे पाहुणे कधीचे थांबलेत. श्रद्धांजली आहे, लगेच दे.”

पाहुणा माझ्याच वयाचा, दाढी वाढलेली. धाकटा भाऊ गेलेला, संदेश नावाचा. फोटोत सव्वीस-सत्तावीसचा असेल.

“काय झालेलं?” मी फोटो कापता कापता विचारलं.

“कंपनीत भाजला. केमिकलची कंपनी. चार दिवस काढले.” त्याने मोबाईल पुढे केला. “मजकूर कंपनीच्या साहेबांनीच पाठवलाय. म्हणाले, असाच टाका. भावजयीला तिथे कामाला लावतो म्हणालेत.”

मी वाचलं. ‘यांचे अल्पशा आजाराने दुखद निधन झाले.’

“भाजला ना तो?” मी म्हटलं.

“तुम्ही टाका हो,” तो माणूस म्हणाला. मजकूर हलवून उद्या भावजयीचं काम गेलं तर जबाबदार आपण, ही भीती त्याच्या तोंडावर लिहिलेली होती.

मी टाईप केलं. दुःखदमधला विसर्ग राहिला होता, तो घातला. रचना उठून माझ्या खुर्चीमागे आली, स्क्रीनकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. मी थांबलोही.

ती बोलली नाही.

मी प्रिंट दिली.