अंगवस्त्राच्या घडीतला तुकडा

मंजिष्ठेच्या मुळांचा तांबडा रंग नखावरून धुऊन जात नाही. नख वाढेल तसा तो पुढे सरकतो आणि शेवटी नखाबरोबर कापला जातो. रोमन अमलातल्या थुआतिरा शहरात रंगारी ओळखायचा तो त्या तांबड्या कडेवरून. अम्मियाच्या नखांना ती लहानपणापासून होती.

रंगाऱ्यांच्या संघाची पंगत दरवर्षी तिरिम्नोस देवाच्या देवळात बसे. बोकडाचं मांस आधी देवापुढे ठेवत, मग प्रत्येकाला त्यातला पहिला तुकडा वाढत. जो खाणार नाही त्याला संघाच्या रंगाच्या कढया बंद. नवऱ्यामागे अम्मियाचं पोट त्या कढयांवरच चाललं होतं. ख्रिस्ताच्या मंडळीत मूर्तीपुढचं मांस वर्ज्य होतं. म्हणून त्या मंडळीत आल्यापासून ती तुकडा नुसता ओठांना लावी, हळूच अंगवस्त्राच्या घडीत सरकवी आणि बाहेर कुत्र्याला घाली. पुढच्या वर्षी उघड सांगू, असं दरवर्षी ठरवी.

यंदा शेजारी तातिया होती. मुळं कुटणारी, नुकताच बाप्तिस्मा घेतलेली. तिने अम्मियाचा हात ओठांशी गेलेला पाहिला, मग स्वतःचा तुकडा तोंडात घातला. तो तिला गिळता गिळेना.

"ताई," ती कुजबुजली, "आयुष्यभर या देवाला भ्याले. आता पुन्हा त्याचीच झाल्यासारखं वाटतंय. पण तू खाल्लंस, म्हणजे चालत असेल ना?"

अम्मियाच्या कमरेपाशी तो तुकडा अजून कोमट होता.

"वहिनी, इतक्यात संपलं?" संघाचा प्रमुख मेनेक्रातेस हसत म्हणाला. "नवे दात फुटले की काय? वाढा रे त्यांना अजून."

पंगत हसली. माणूस वाईट नव्हता. नवऱ्याच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता.

अम्मियाने घडी उलगडली आणि तुकडा ताटात ठेवला. कापडावर तेलाचा डाग उमटला होता. तातिया आधी डागाकडे, मग तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हसणं थांबलं.

मेनेक्रातेस खाली वाकला. "उचला तो, वहिनी. मी पाहिलं नाही असं समजा. उद्या कढईपाशी लोकांना काय सांगू मी?"

अम्मियाने तातियाचा हात धरला.

"खरं तेच सांगा, भावोजी. मी ख्रिस्ताची आहे. हे मी खात नाही. आजवर खाल्ल्याचं सोंग केलं, ते यापुढे करणार नाही."