कोल्हापुरातली होडी

तीन वर्षं सत्यवती आपल्या मुलाशी, गंगारामशी, एक शब्द बोलली नव्हती. एकाच घरात राहायची, त्याचं ताट स्वतः वाढायची, पण बोलणं सगळं नातीमार्फत. "जान्हवी, बापाशीक सांग, जेवण थंड होता." आणि बापूस समोरच पाटावर! अख्खी तारकर्ली हसायची, पण म्हातारी कसली ऐकते.

तिचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. ती माहेरी, कट्टा गावी, गेलेली असताना गंगारामने वारलेल्या बापाची लाकडी होडी कोल्हापूरच्या एका संग्रहालयाला देऊन टाकली. फायबरची नवी आली होती, जुनी चुलीत जाण्यापेक्षा बरं, असं त्याला वाटलं. अरे, पण आईला विचारशील की नाही?

तीन वर्षांनी, दोन हजार चार साली, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी गंगारामने हंगामाचा पहिला दिवस बुडवून भाड्याची जीप काढली. "जान्हवी, आजयेक सांग, होडी बघूक जावया." आता हाही तसाच बोलायला लागला होता! म्हातारी मात्र पहाटेच तयार. नवं लुगडं, चापून बांधलेला अंबाडा आणि मांडीवर पाण्याची बाटली.

फोंडा घाटात धुकं, धबधबे आणि जान्हवीचा नुसता आरडाओरडा. सत्यवतीही प्रत्येक वळणाला खिदळत होती. "बापाशीक सांग, डायव्हराक म्हणावा हळू हाक!" कोल्हापुरात विद्यापीठाचं फाटक दिसलं, पुस्तकं घेतलेल्या मुली दिसल्या, तशी जान्हवी जीपमध्येच उभी राहिली. "आज्ये, मी हयच शिकतलंय!" गंगाराम हसला खरा, पण डोक्यात होडीच घोळत होती. होडी अडगळीत पडलेली दिसली तर आई जन्मभर बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

संग्रहालयात तलवारी झाल्या, तांब्याची भांडी झाली. शेवटच्या दालनात, दोरीच्या पलीकडे, तेलपाणी केलेली होडी उभी होती. चकचकीत! गंगारामचा जीव भांड्यात पडला. सत्यवतीने दारातच चपला काढल्या, जवळ जाऊन हात जोडले आणि कुणाला काही कळायच्या आत दोरीखालून वाकून बाटलीतलं पाणी होडीच्या तोंडावर ओतलं.

"ओ आजी! काय वततायसा?" रखवालदार धावत आला.

"दर्याचा पाणी. काल नारळ दिलो थंयचा," ती म्हणाली. "नारळ दिल्यार होडी पाण्यात लोटतत. ही तीन वर्सां सुकी आसा रे."

रखवालदाराने ओल्या होडीकडे पाहिलं. मग आवाज चढवून म्हणाला, "ह्यांच्यासंगं कोन हाय?"

गंगाराम पुढे होईना. आपण बोललो आणि तिने तोंड फिरवलं तर? इतक्या माणसांत?

सत्यवतीने बोट केलं. "हो माजो झील. होडी ह्येनाच दिली तुमका. बरी ठेवलास हा." मग मुलाकडे वळून म्हणाली, "बघीत काय ऱ्हवलंस? टॉवेल काढ, पूस तां पाणी."

गंगाराम जागचा हलेना. जान्हवी सवयीने त्याच्याकडे वळली, "बाबा, आजी सांगता काय—"

"तू गप गो!" सत्यवती खेकसली. "माका तोंड आसा."