आपाच्या किटलीतलं पाणी

लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच दिवशी गडबडीत सासऱ्यांच्या थोरल्या भावाला मी चहाचा पियाला काठोकाठ भरून दिला. म्हातारा पियाल्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि टोपी चढवून सरळ आपल्या घरी गेला. अर्धा पियाला म्हणजे बसा, पुन्हा मागा. भरलेला पियाला म्हणजे आता निघा. आमच्या काराकालपाक लोकांतल्या पोरांना हे चालायला लागण्याआधी कळतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फक्त सासू हसली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बरं केलंस. नाहीतर जेवूनच उठला असता."

त्या क्षणापासून मी तिची झाले.

तिचं नाव मी घेत नाही, आमच्याकडे सून घेत नाही. तिची मुलं म्हणतात तसं मीही तिला आपा, म्हणजे आई, म्हणते आणि ती मला केलिन म्हणते, म्हणजे सूनबाई. माझा नवरा जोल्दास गॅसच्या विहिरींवर कामाला. निम्मा महिना तिकडे, निम्मा घरी. आम्हाला मूल झालं नाही. तेव्हा घर म्हणजे आपा, मी, दोन गायी आणि अंगणातला हापसा. हापशाचं पाणी खारट. मोयनाक गावाच्या बाजूला समुद्र होता तो गेला, मीठ ठेवून गेला. आम्हाला ते खारट लागतही नाही. नुकूस शहरातून पाहुणे आले की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात, तेव्हा आठवण होते.

गेल्या शरदात आपाच्या कमरेत कळ आली. अशी की ती बाई, जिने अडलेली गाय एकटीने सोडवली आहे, भिंत धरून ओरडली. नुकूसच्या डॉक्टरने मुतखडा सांगितला. म्हणाला, हापशाचं पाणी बंद. गोडं पाणी प्या आणि भरपूर प्या.

"पाणी गुरं पितात," आपा म्हणाली. "मी चहा पिते."

"मग गोड्या पाण्याचा चहा प्या, पण पुष्कळ प्या," डॉक्टर म्हणाला. त्याचीही आई असणार कुठेतरी, कारण त्याने वाद घातला नाही.

जोल्दासने त्याच दिवशी बाजारातून फिल्टर आणला. एका भांड्यात दुसरं भांडं, मध्ये काळ्या दाण्यांचं नळकांडं. वरून पाणी ओतायचं, खाली टिपटिप करत उतरतं. दुकानदाराने म्हणे छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की यातून दवबिंदू बाहेर पडतो. मला तो फिल्टर फार आवडला. वीज नको, आवाज नाही, आणि पाण्याचा गंजका वास गेला. चहा नेहमीसारखाच झाला. आपाही खूश झाली. आम्ही दोघी डॉक्टरचं ऐकल्याच्या समाधानात राहिलो, आणि महिन्याभरात आपा पुन्हा भिंत धरून उभी राहिली.

तेव्हा फोनवर आली जुमागुल. ही जोल्दासची धाकटी बहीण, सीमेपलीकडे, दुसऱ्या समुद्राकाठच्या अक्ताऊला दिलेली. लिहिताना तिचं नाव चालेल. समोर मी तिला बिकेश, म्हणजे नणंदबाई, म्हणते.

"जेंगे, खरं सांग," फोनमधून तिने मला, म्हणजे वहिनीला, विचारलं. "फिल्टरचं पाणी खारट लागतं का?"

"पाण्यासारखं लागतं."

"तुला काय कळणार! तुझी जीभ हापशात वाढली. शेजारी कुणी बाहेरगावचं आलंय का? त्याला पाज."

शाळेतल्या नव्या मास्तरला पाजलं. तो ताश्कंदचा. तोंडात घोट धरून तो इकडेतिकडे बघायला लागला, कुठे टाकू म्हणून.

"बघ!" जुमागुल म्हणाली. "फिल्टर वास काढतो, गाळ काढतो. विरघळलेलं मीठ त्याच्या बापालाही काढता यायचं नाही. त्याला वाफच करावी लागते. आमचं अख्खं शहर समुद्राचं पाणी वाफ करून पितं, आणि तुम्ही दोघं शहाणे गाळणी घेऊन बसलात!"

ती थंडीत आली. अर्धा दिवस गाडी, मग सीमेवरची रांग, मग पुन्हा गाडी, आणि एवढा वेळ मांडीवर डिस्टिलर. दिसायला दुधाच्या कॅनसारखा, वर पंखा. यात पाणी उकळतं, वाफ वरच्या नळीत गार होते आणि थेंबाथेंबाने बाजूच्या भांड्यात पडते. दिवसभर तो घोंघावला. संध्याकाळी जुमागुलने झाकण काढून तळ दाखवला. पांढरी खरपुडी चढली होती.

"आपा, हे बघ. हे तुझ्या पोटात जात होतं."

आपाने नखाने थोडं खरवडलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "चांगलं मीठ आहे."

जोल्दास हसून लोळला. जुमागुल मात्र हसली नाही, रडायलाच लागली. म्हणाली, "हिला कळ आली की मला तिकडे झोप लागत नाही. मी लांब आहे ना." तेव्हा मीही ठरवलं, डिस्टिलर तर डिस्टिलर. जोल्दासचं तोंड पडलं म्हणून असं केलं की हापशाचं पाणी आधी त्याच्या फिल्टरमधून काढायचं, मग बहिणीच्या यंत्रात. यंत्राला खरपुडीही कमी चढते. दोघांचीही अब्रू राहिली.

पण ते पाणी निघायचं किती! वीज मध्येच जायची. गेली की पंखा थांबायचा आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून हे पाणी आपाच्या किटलीचं, एकटीचं. मी माझा चहा हापशाच्या पाण्याचा वेगळा करायची. वडीलधाऱ्यांसाठी राखलेल्या किटलीतून सुनेने स्वतःला ओतून घ्यावं, इतकी काही मी बिघडलेले नाही.

आपासाठी पहिला चहा मी मन लावून केला. साक्सौलच्या वाळवंटी झुडपाच्या लाकडावर पाणी उकळलं, किटली शेकली, मूठभर पत्ती टाकली, दूध घातलं. आपाने घोट घेतला. कपाळावर आठी आली.

"हे काय, औषध?"

"चहा आहे, आपा."

"कडू आहे."

पियाला कसाबसा संपवला आणि दस्तरखानावर, म्हणजे चहाला अंथरलेल्या कापडावर, उपडा घातला. बस्स. जिचे माझ्या हातचे सहासात पियाले व्हायचे, तिने एकातच पियाला उपडा घातला. जुमागुल म्हणाली, सवय होईल. ती परत गेली. जाताना दारात मला म्हणाली, "वसंतात नवरोजच्या सणाला येते. तोवर पोटभर प्यायला लागली तर ठीक. नाहीतर मी घेऊन जाते, जेंगे. तिकडे नळालाच असं पाणी येतं, दवाखाना समोर आहे. तू वाईट वाटून घेऊ नको."

मी कसलं वाईट वाटून घेणार! मला सरळ धडकी भरली. जोल्दास निम्मा महिना नसतो. संध्याकाळी वारा सुटला की अंगणात पांढरी धूळ फिरते, खिडक्या वाजतात, आणि आत आम्ही दोघी शेजारणींची उणीदुणी काढत चहा पितो. ते गेलं तर मी कुणाशी बोलू? गायींशी? माझी स्वतःची आई मला आठवत नाही. मला ही हवी होती. इथे, माझ्यासमोर, पियाला पुढे करणारी.

मग मी लागले कामाला. आपाला चहा आवडत नाही याचा अर्थ आमच्याकडे एकच: सुनेने हात आखडता घेतला. म्हणून मी पत्ती वाढवली. दीड मूठ घातली. तरी आपा म्हणाली कडू. मी गावातली पत्ती सोडून कुंगरादहून चांगली मागवली, लाल डब्यातली, आणि ती दोन मुठी घातली. दूध जास्त घातलं. मीठ घालून पाहिलं. आपा घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि गिळायची. मला राग यायचा, मग रागाची लाज वाटायची, मग पुन्हा राग यायचा.

"वाफेने पाणी मेलंय," आपा म्हणायची. "मेलेल्या पाण्याला चव कुठली? केलिन, एक पियाला हापशाचा दे गं. एकच."

"नाही."

"मरणाऱ्या माणसाला कुणी नाही म्हणतं?"

"तुम्ही मरत नाही आहात, आपा. तुम्ही नखरे करता आहात."

"सासूशी असं बोलतात?"

"मग सासूने सासूसारखं वागावं. प्या तो."

"तूच पी."

मी प्यायले नाही. तेवढंच करायचं राहिलं होतं. आपा दिवसाला दोनतीन पियाल्यांवर आली. ओठ सुकले. पुन्हा कळ आली, ती तिने माझ्यापासून लपवली. गोठ्यात खुंट्याला धरून उभी होती, मी मागून पाहिलं. त्या रात्री मीच जुमागुलला फोन केला आणि म्हटलं, ये, घेऊन जा.

नवरोजच्या दुसऱ्या दिवशी ती आली. फाटकाबाहेर भाड्याची गाडी थांबवलेली, कुंगरादहून संध्याकाळची आगगाडी पकडायची होती. आपाचं गाठोडं मी आदल्या दिवशीच बांधलं होतं: गरम चोळणा, दोन रुमाल, कणकेचे तळलेले बाउर्साक आणि लाल डब्यातली सगळी पत्ती. सुनेकडचा चहा म्हणून निदान पत्ती तरी जावी.

आपा गाठोड्याकडे पाठ करून बसली होती. जाते म्हणाली नाही, राहते म्हणाली नाही. जोल्दास गाठोडं गाडीत ठेवून उगाचच चाक तपासत होता.

दस्तरखान घातलं. निघताना चहा झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडत नाही. त्या दिवशी वीज टिकली होती, वाफेचं पाणी सगळ्यांना पुरेल इतकं साठलं होतं, म्हणून एकच मोठी किटली केली. पाणी उकळलं आणि मी डबा उघडला तर तो रिकामा. पत्ती गाठोड्यात, आणि गाठोडं गाडीत. बांधलेलं गाठोडं निघायच्या वेळी सोडणं अपशकुन. डब्याच्या तळाशी राहिलं होतं ते दोन बोटांत आलं, चिमूटभर.

इतकी वर्षं जिच्यासाठी मुठीने चहा टाकला, तिला निरोपाला चिमटीचा चहा! पाणचट येणार आणि जुमागुल बघणार. पण गावातली पत्तीही संपलेली, दुसरं काही हातात नव्हतं. चिमूट टाकली, झाकण लावलं आणि मान खाली घालून किटली घेऊन आले.

पहिला पियाला ओतला तर चहा लाल आला. स्वच्छ, तांबूस लाल, पियाल्याचा तळ दिसावा असा. आमच्या चहाचा तळ मी जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे, कारण डोळे भरलेले होतेच. दूध घातलं, आपाला अर्धा दिला, जुमागुलला अर्धा, जोल्दासला अर्धा, शेवटी मला.

मी घोट घेतला. या पाण्याचा माझा पहिलाच घोट. चहा होता. खरोखरचा, वास असलेला, गोडसर चहा.

"जेंगे, आज छान जमलाय गं," जुमागुल म्हणाली.

"चिमूटभरच पत्ती आहे," मी म्हणाले.

"मग किती घालणार? आम्ही तिकडे चिमूटच घालतो."

"मी मूठ घालत होते. दोन दोन मुठी."

जुमागुलने पियाला खाली ठेवला. "या पाण्यात? अगं, खाऱ्या पाण्यात पत्ती उतरत नाही म्हणून मूठ लागते. यात दोन मुठी म्हणजे... ही बाई सगळी थंडी ते प्यायली?"

"तू सांगायचं होतंस!"

"काय सांगायचं? नणंदेने येऊन भावजयीला चहा करायला शिकवायचं? मला या घरात पुन्हा यायचंय, बाई!"

जोल्दास आईकडे बघत होता. मीही बघितलं. आपाने काही ऐकलंच नव्हतं. तिने पियाला दोन्ही हातांत धरला होता आणि ती पीत होती, सावकाश, डोळे उघडे ठेवून. संपला. मी पियाला उपडा होण्याची वाट बघत राहिले, थंडीभर बघितली तशी. तिने तो माझ्यापुढे केला.

मी अर्धा भरला. तोही गेला. पुन्हा भरला. बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला. आपा शांतपणे पीत राहिली, मध्येच एक बाउर्साक घेतला, बुडवून खाल्ला. तिच्या कपाळावर बारीक घाम आला होता, पूर्वी यायचा तसा.

"आपा," जुमागुल हळूच म्हणाली, "आगगाडी जाईल."

तेव्हा आपाने हात पुढे करून माझ्याकडची किटली घेतली. मी या घरात आल्यापासून तिने कधी किटलीला हात लावला नव्हता. चहा ओतणं हे माझं काम. तिने जुमागुलचा पियाला ओढला आणि ओतायला लागली. अर्ध्यावर थांबली नाही. ओतत राहिली, काठापर्यंत, पार वरपर्यंत, की उचलला तर सांडावा. मग दोन बोटांनी तो लेकीपुढे सरकवला.

जुमागुल पियाल्याकडे बघत राहिली, मग आईकडे.

"आपा! मी तुझी मुलगी आहे!"

"म्हणून तर स्वतः भरून दिला," आपा म्हणाली. "पी आणि नीघ. पोरं वाट बघत असतील तुझी. जाताना माझं गाठोडं तेवढं गाडीतून काढून ठेव, त्यात चांगली पत्ती आहे."

जुमागुल हसली की रडली मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. पण खाली वाकून, हात न लावता, काठावरूनच तिने पहिला घोट घेतला.

आपाने किटली माझ्या हातात परत दिली आणि आपला पियाला पुढे केला.

मी तो अर्धाच भरला.