सुपावरचा फेस

लिआंगांच्या घरात सूप गॅसवर असताना जो त्यावरचा फेस काढायचा, त्याची उंची कमी व्हायची. जेवढं बळ सुपात उतरायचं तेवढं त्याच्या अंगातून जायचं. उपायही साधा होता. भांड्यातला शेवटचा वाडगा फेस काढणाऱ्यानेच प्यायचा, की गेलेली उंची परत यायची, फार तर बोटभर मागे राहायची. शलाकाच्या सासूबाईंनी मुलासाठी जन्मभर फेस काढला होता आणि बोटबोट करत त्या जेवणाच्या टेबलाएवढ्या झाल्या होत्या. त्याचं त्यांना काही वाटत नसे. शलाकाच्या माहेरच्यांना मात्र चिनी सूप म्हणजे नूडल्सच्या आधी येतं ते, एवढंच ठाऊक होतं.

तिचा नवरा हेन्री लहानपणच्या टायफॉइडपासून अशक्त होता. सूप मिळालं नाही त्या दिवशी तो पलंगावर दिसायचाच नाही, चादर चाचपून त्याला शोधावं लागे. म्हणून काळी कोंबडी, सुकी लाल बोरं, आलं आणि कसल्याशा औषधी मुळ्या रोज सकाळी मातीच्या भांड्यात चढायच्या. सासूबाईंचा हात ओट्यापर्यंत पोचेनासा झाल्यावर फेस शलाका काढू लागली आणि शेवटचा वाडगाही तीच पिऊ लागली. संसार बरा चालला होता.

अशात मिरजेहून तिची आई आली. इंदुमतीबाईंच्या तांबड्या रश्श्यावर अख्खी गल्ली फिदा होती आणि हातावर हात ठेवून बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. शलाका आलं आणायला गेली आणि परत आली, तर आई ओट्यापुढे टाचा उंचावून उभी. साडीच्या निऱ्या फरशीवर लोळत होत्या.

"ममा, आईच्या हातात पळी कुणी दिली?" शलाकाने सासूबाईंना विचारलं.

"त्यांनीच मागितली. तुझ्यापेक्षा चांगला काढतात. सूप बघ किती नितळ झालंय."

शलाकाने शेवटचा वाडगा भरून आईपुढे धरला.

"आई, हे पी. आत्ताच्या आत्ता."

"भलतंच! नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसतात. बाटली मी घरनं भरून आणलीय, भाकरी आणलीय."

"आई, तू लहान झालीयस."

"वय झालं की माणूस आकसतंच गं. विहीणबाईंकडं बघ की."

दुसऱ्या दिवशी शलाकाने पळी लपवली, तर आईने कपाने फेस काढला. तिला मिरजेला परत पाठवावं, तर एस.टी.ची पायरी तिला चढवेना. मग शलाकाने एक दिवस गॅसच पेटवला नाही. दुपारपर्यंत सासूबाई चादर चाचपत राहिल्या. "इथं पण नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

"जावयाला उपाशी ठेवतीस? लाज वाटत नाही?" आई कडाडली, आणि स्टुलावरून ओट्यावर चढून तिनेच भांडं चढवायला लावलं. फेस काढून झाला तेव्हा ती लोणच्याच्या बरणीएवढी उरली होती.

आता शलाकाला एकच सुचलं.

"आई, मला दिवस गेलेत."

धडधडीत खोटं होतं ते. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने इवलीशी बोटं कानशिलावर मोडली.

"आता तरी पिशील ना?" शलाकाने भांड्यातला शेवटचा वाडगा पुढे केला.

"मी? दोन जिवाची तू, आणि मी पिऊ? विहीणबाई, जरा हात लावा."

सासूबाई खुर्चीवर चढल्या. एका हाताने त्यांनी शलाकाचं नाक दाबलं, दुसऱ्याने वाडगा धरला. आईने खालून रेटा दिला. शेवटचा थेंबसुद्धा शलाकाच्या पोटात गेला. चव फार छान होती, हे तिला सहन होईना.

"मी खोटं बोलले," ती ओरडली. "मला काही झालेलं नाहीये!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आई म्हणाली.

शलाकाने खाली पाहिलं. पोट पुढे आलं होतं आणि गाउनची बटणं ताणली होती.

"आता बाळ झालं की पिणार बघ मी," आई हरखून म्हणाली. "चांगला वाडगाभर पिणार."

"तोवर रोज दोन भांडी लागतील," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी कोंबडी धुवायला घेतली.

दुसऱ्या भांड्यावर फेस आला. आई काठावर चढली, तिने पदर खोचला आणि चहाचा चमचा दोन्ही हातांनी धरून ती आत वाकली. शलाका तिला धरायला धावली. तेवढ्यात तिला भूक लागली, जन्मात लागली नव्हती अशी, आणि आईकडे गेलेल्या हाताने वाडगा उचलला.