पाच सेंटिमीटरचा चौकोन

सासूबाईंनी निरोप लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता. "आजचा वर्ग काही अडचणीमुळे पुढे ढकलला आहे. नवी तारीख कळवेन." चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी तो वाचून दाखवला आणि विचारलं, "'अडचणीमुळे' एवढं पुरे ना? की अडचण कसली तेही लिहू?"

"वर्ग चारला आहे. आत्ता दहा वाजलेत," मी म्हटलं. "आई, दोनपर्यंत थांबा."

"कालही तू थांबा म्हणालीस. मी थांबले. प्रिंटरही थांबला."

तीस वर्षं त्यांनी एका कापड दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे बेतले. गिऱ्हाइकांना दुकानाचं नाव माहीत होतं, कात्री धरणाऱ्या हाताचं नाही. आता त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी सहा जणींना बेतकाम शिकवायचं ठरवलं होतं. शर्टाचा नमुना त्यांनी स्वतः नव्या लॅपटॉपवर काढला होता. त्याची चोवीस पानं छापायची, एकमेकांना चिकटवायची, की खऱ्या मापाचा नमुना तयार. दोघींत एक असे तीन संच हवे होते, म्हणजे बहात्तर पानं.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटरचा एक चौकोन होता. तो मोजून पाच भरला तरच बाकीची मापं खरी. बाहेरच्या दुकानातून छापून आणून पाहिलं, तर चौकोन चार पूर्णांक आठ भरला. दुकानदार म्हणाला, आमच्याकडे असंच येतं, दोन मिलिमीटरनं काय आभाळ कोसळतंय?

"छातीच्या घेरात तेच चार सेंटिमीटर होतात," सासूबाईंनी त्याला सांगितलं. "आभाळ नाही कोसळत, बटणं तुटतात."

म्हणून घरचाच प्रिंटर हवा होता. तो जिन्याखालच्या कपाटावर असायचा आणि घरातली सगळी यंत्रं तो बिनतारी वापरायची. लॅपटॉप आल्यापासूनच्या दोन आठवड्यांत तो मनात आलं तर छापायचा, नाही तर ढिम्म. लॅपटॉप म्हणायचा, पाठवलं. प्रिंटर म्हणायचा, मला काही मिळालं नाही.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या दिवशी रजा काढली होती. तासभर मी तेच केलं जे घाबरलेली माणसं करतात. शाई पाहिली, कागद काढून पुन्हा भरला, प्रिंटर लॅपटॉपमधून काढून टाकला आणि नव्यानं जोडला. मध्येच नणंदेचा फोन आला.

"वहिनी, सगळं बंद करून परत चालू केलंस का?"

"तीनदा."

"मग मला दुसरं काही येत नाही. आईला सांग, हातानं काढ नमुने."

"तूच सांग," मी म्हटलं आणि फोन सासूबाईंकडे दिला. नणंदेनं लगेच विषय बदलला.

मग मी कागद घेतला आणि प्रयोगशाळेत करते ते केलं. दोन आठवड्यांचे दिवस एकाखाली एक लिहिले आणि समोर खूण केली, छापलं की नाही छापलं. छापलं होतं ते फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. दोन्ही आठवड्यांत. आज गुरुवार होता.

यंत्राला वार कळत नाही. म्हणजे वार माणसांचा होता.

मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे फक्त एक गोष्ट वेगळी घडे. सकाळी नऊला व्यायाम करून घेणाऱ्या बाई येत, सासऱ्यांच्या हातासाठी. सहा आठवड्यांपूर्वी सासरे घसरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं वळत नव्हती. त्यांनी खोलीतून बाहेर यायचं जवळजवळ बंदच केलं होतं. आम्हीही त्यांना काही विचारत नव्हतो. त्यांना त्रास नको, असा घरात नियमच होऊन बसला होता.

पण त्यांच्या हाताचा आणि प्रिंटरचा काय संबंध? मला सांगता येईना.

प्रिंटरचं एक बटण पाच सेकंद दाबून धरलं की तो स्वतःची माहिती छापतो. मी दाबलं. पान व्यवस्थित बाहेर आलं, म्हणजे प्रिंटर धडधाकट होता. त्यावर त्याचा पत्ता होता. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर असा एक आकड्यांचा पत्ता देतो. पानावर शेवटचा आकडा होता तीन. आणि प्रिंटरच्या पाठीवर सासऱ्यांनी सुवाच्य अक्षरात चिकटवलेल्या पट्टीवर होता दोन. लॅपटॉप जोडताना मी ती पट्टी बघूनच पत्ता भरला होता. आजही तोच पुन्हा भरला होता.

मग दोन नंबरवर कोण आहे? मी शोधलं. सासूबाईंचा लॅपटॉप. तो शर्टाची चोवीस पानं इमानेइतबारे स्वतःलाच पाठवत होता.

"सापडलं," मी सासूबाईंना म्हटलं. "लॅपटॉपमध्ये दोनच्या जागी तीन लिहिते. पाच मिनिटांत छापून होईल."

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "आणि उद्या? सोमवारी बाहीचा धडा आहे. तू कामावर असशील. तेव्हा तो चार झाला तर?"

त्यांचं बरोबर होतं. एका दिवसापुरतं छापून त्यांना उपयोग नव्हता. सहा जणींसमोर उभं राहायचं तर यंत्र आपल्याला दगा देणार नाही एवढा भरवसा हवा होता. निरोप अजून फोनवर तसाच उघडा होता.

मी ते पान आणि दिवसांचा कागद घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर मऊ रबराचा चेंडू, न दाबलेला.

"बाबा, ही दोनची पट्टी तुम्ही कधी लावलीत?"

त्यांनी पान डाव्या हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. "तीन कसा झाला?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. मग माझ्याकडे वळले. "सकाळी बटणं कोण लावतं आता?"

ते वीज उपकेंद्रात चौतीस वर्षं होते. तिथं कुठला स्विच आधी आणि कुठला नंतर हे चुकलं तर माणूस जातो. ती सवय घरी आली होती. झोपताना घरातलं सगळं बंद, सकाळी ठरलेल्या क्रमानं चालू. आम्ही त्यावर हसायचो. ते पडल्यापासून ते काम सासूबाईंकडे आलं होतं.

"आई लावतात."

"आणि पहिल्यांदा काय लावते?"

दारात येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाई म्हणाल्या, "हाताला येईल ते. राउटर लावते, लॅपटॉप उघडते. प्रिंटर नंतर, छापायचं असलं की. तुमच्या व्यायामाच्या दिवशी लॅपटॉपला सवड कुठे असते? त्या बाई गेल्यावर उघडते. त्या दिवशी प्रिंटरसकट सगळी बटणं सकाळीच एकदम लावून मोकळी होते."

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मंगळवार, शुक्रवार.

"राउटरची वीज गेली की तो सगळं विसरतो," सासरे म्हणाले. "मग जो आधी येईल त्याला आधीचा आकडा. मी राउटर लावायचो, दिवे हिरवे होईपर्यंत थांबायचो, मग प्रिंटर. एक राउटरचा, दोन प्रिंटरचा. रोज. म्हणून तर पट्टी लावली."

"अहो, सहा आठवडे मी ती बटणं दाबतेय. एकदा सांगायचं होतंत."

"मला कुणी विचारलं?"

त्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. सासूबाई चष्मा पुसायला लागल्या, जो स्वच्छ होता.

"आता विचारते," त्या म्हणाल्या. "मी रोज तुमच्या क्रमानं लावू का? मला नाही लक्षात राहायचं, आधीच सांगते."

"नको. क्रम माणसावर ठेवू नये," ते उठत म्हणाले. "प्रिंटरला दोन आकडा कायमचा बांधून टाकता येतो राउटरमध्ये. मी तेव्हा केलं नाही. मी होतो ना रोज, म्हणून."

राउटरचा पासवर्ड त्यांच्या वहीत होता, तारखेसकट. ते जिन्याखाली आले, त्यांच्या जुन्या संगणकासमोर बसले, आणि मी कीबोर्ड माझ्याकडे ओढायला गेले तर त्यांनी मान हलवली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं एकेक अक्षर दाबायला सुरुवात केली. पासवर्ड सोळा अक्षरी होता. नवव्या अक्षराला चुकले. पुन्हा पहिल्यापासून. मी हात पाठीमागे धरून उभी राहिले.

"एवढा लांब कशाला ठेवला?" सासूबाई म्हणाल्या.

"मनगट मोडेल असं तेव्हा ठरलं नव्हतं."

बारा वाजून दहा मिनिटांनी दोन आकडा प्रिंटरच्या नावावर झाला. मग आम्ही तपासलं. सगळं बंद केलं. आधी राउटर लावला आणि मुद्दाम लॅपटॉप. प्रिंटर सगळ्यात शेवटी. सासूबाईंनी छापायची आज्ञा दिली आणि तिघंही प्रिंटरकडे बघत राहिलो. त्यानं घसा खाकरल्यासारखा आवाज केला. पहिलं पान आलं.

सासऱ्यांनी मोजपट्टी मागितली. चौकोनाच्या एका बाजूला लावली, मग दुसऱ्या. "पाच," ते म्हणाले. "आणि पाच."

सासूबाईंनी मोजपट्टी त्यांच्या हातातून घेऊन स्वतः मोजलं. मग फोन उचलून निरोप पुसून टाकला.

एकोणसत्तर पानं नीट आली. शेवटच्या तीन पानांवर शाई फिकी पडत गेली. "कॉलर आहे," सासूबाई म्हणाल्या, "पेन्सिलीनं गिरवते." पानं चिकटवायला अडीच तास लागले. सासरे टेबलाशी बसून पानांच्या कडा उजव्या हातानं दाबून धरत होते आणि सासूबाई त्यांना सांगत होत्या, "जोर द्या, तो काही मोडायचा नाही." व्यायामाच्या बाईंनी दोन आठवडे हेच सांगितलं होतं.

चारला दोन मिनिटं असताना बेल वाजली. सासूबाईंनी मापाची फीत गळ्याभोवती टाकली आणि दार उघडायला गेल्या. आतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, दुकानाच्या मागच्या खोलीत कधी नसावा इतका मोठा.

"आधी कोपऱ्यातला चौकोन मोजायचा. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्वतः मोजा."

जिन्याखाली सासरे प्रिंटरवरची जुनी पट्टी काढत होते. अर्धी निघाली. आकडा तर आता कायमचा दोनच होता; त्यांनी थोडा विचार केला आणि ती परत दाबून बसवली.