जेवणाच्या सुट्टीतल्या मुंग्या

दापोड्याच्या गोडाऊनमध्ये कॅमेऱ्यांसमोर बसणाऱ्या भाग्यश्रीला संशय घ्यायचाच पगार मिळत होता, आणि ती पगाराला जागत होती. दसऱ्यानंतर मोबाइलचे दोन खोके गहाळ झाले आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. कारण तेव्हापासूनच मागच्या गेटचा कॅमेरा नेमका जेवणाच्या सुट्टीत बिघडायचा. पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि आडवे पट्टे. माणूस की खांब तेही कळेना. सुट्टी संपली की चित्र पुन्हा स्वच्छ. आणि सुट्टीत त्या गेटवर एकटाच असायचा वॉचमन चिंधू.

डोंगराकडच्या पाड्यावरचा, कमी बोलणारा म्हातारा. बसल्या बसल्या मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! भाग्यश्रीने मॅनेजर मनोज सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, "सोमवारपासून त्याला घरी बसवू. पण आधी वायरमनला दाखव, मागाहून बोंब नको."

वायरमन रामनाथ आला. वायर चाचपत मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि हसला. "म्याडम, ही कॅमेऱ्याची वायर फोर्कलिफ्टच्या चार्जरच्या वायरीसंगं कुणी आवळली?"

"मीच बांधायला सांगितलं. दसऱ्याला तोरण लावायचं होतं, वायरी लोंबत होत्या."

"मंग बरोबर हाय. एवढ्या लांबून येता येता सिग्नल आधीच मलूल व्हतो. त्याला चिकटून चार्जरचा करंट धावला का तो गोंगाट सिग्नलमधी घुसतो. चार्जर कवा लावता?"

"जेवणाच्या सुट्टीत," कल्पेश म्हणाला. फोर्कलिफ्ट तोच चालवायचा.

रामनाथने दोन्ही वायरी सोडवून एकमेकींपासून लांब केल्या. भाग्यश्रीचं समाधान झालं नाही. चित्र वायरीमुळे बिघडत होतं म्हणून चिंधू साव ठरत नव्हता. दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती डबा न उघडता पडद्याला डोळे लावून बसली. चार्जर सुरू झाला. चित्र मात्र हललं नाही.

चिंधू स्टुलावरून उठला, थेट कॅमेऱ्याखाली आला आणि मान वर केली. खांद्यावरची पिशवी उलटी करून झटकली. डबा उघडून तिरका धरला. आत भाकरी आणि चटणी. खिसे बाहेर ओढले, दोन्ही हात पसरले, सावकाश वळून पाठही दाखवली. मग जेवायला बसला.

"काय नाटक आहे!" ती पुटपुटली. "आजच बरं सुचलं!"

कल्पेश डबा घेऊन आत आला होता. "आज कुठं, मॅडम? खोके गेल्यापासून चिंधूकाका रोज करतात. मी बोललो, कशाला काका? तर म्हणे, बाई बघते ना, तिला सगळा दिसतंय, मंग मला कसली भीती?"

भाग्यश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लगेच सरांना फोन लावला.

"सर, चिंधूकाकांना काढू नका."

"मग चोर कोण?"

"माहीत नाही. ते नाहीत, एवढं सांगते."

"पुरावा?"

पडद्यावर चिंधूकाका भाकरी मोडत होते.

"रोज देत होते, सर," ती म्हणाली. "माझ्यापर्यंत पोचत नव्हता."